न्यूट्रल तुटली तर?

बालमित्रांनो, रात्री अभ्यासाला बसलात, अन् एकाएकी तुमच्या घरातला बल्ब भगभगला, शेजारचा मात्र मिणमिणायला लागला, असं कधी पाहिलंय? 'व्होल्टेज वाढलं वाटतं' म्हणून आपण सोडून देतो. पण असं एकदमच घडलं, तर आधी न्यूट्रलचा संशय घ्यावा!

लातूर असो की नांदेड, गल्लीतल्या डीपीवरून घरांसाठी चार तारा निघतात. तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रल. कोणाच्या घरी एक फेज, कोणाच्या घरी दुसरा. न्यूट्रल मात्र सगळ्यांची एकच. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात ना, तसे साऱ्या घरांचे प्रवाह तिच्यात येऊन मिळतात. तिन्ही फेजवर सारखा भार असला, की ते एकमेकांना खोडून काढतात.

फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र ४००! समजा, तुमच्याकडे १०० वॅटचा बल्ब चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याकडे १००० वॅटची इस्त्री. मधेच न्यूट्रल तुटली. आता दोन्ही वस्तू एका माळेत येतात. हिशेब केला, तर बल्बच्या वाट्याला सुमारे ३६० व्होल्ट, इस्त्रीला जेमतेम ३६. बल्ब उडणार नाही तर काय! टीव्ही, फ्रीजचंही तसंच.

'न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही,' असं कोणी म्हणालं, तर मुळीच ऐकू नका. आपल्या घरचा फेज बंद असला, तरी तुटलेल्या टोकावर दुसऱ्याच्या घरचा करंट येऊ शकतो. तो जीव घेतो.

म्हणूनच १९५६ च्या वीज नियमांत लिहिलं होतं, की न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच बसवायचा नाही. तोडायची, तर फेजसोबत एकाच वेळी. आजचे सुरक्षा नियमही हेच सांगतात. घराच्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. या दोघींची अदलाबदल कधीच नको.

तेव्हा दोस्तांनो, दिवे असे भगभगले-मिणमिणले, की लगेच मोठ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा. वायरमनला बोलवा किंवा १९१२ वर फोन लावा. रस्त्यात तार पडलेली दिसली, तर लांबच थांबा अन् दुसऱ्यांनाही थांबवा. काळी असो की तांबडी!