लिंकरच्या फ्लॅगचं भांडण कसं सोडवायचं



हा भाग मी कोलकात्यात, डमडमच्या घरात बसून केला होता. व्हिडिओत मधूनमधून लोकलचा भोंगा ऐकू येतो. पुस्तकात त्यातून तुमची सुटका आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. टर्मिनलवर फ्लॅग रोमन अक्षरांत टाइप करायचे असतात. इथे मात्र ते मी बोललो तसे देवनागरीत लिहिले आहेत.

इथल्या आम्हा मराठी मंडळींची गणेशोत्सवाची छोटी स्मरणिका निघते. तिच्या शेवटच्या पानावर वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं असतात. ते पान मी लिहिलेला एक लहानसा सी प्रोग्रॅम तयार करतो. त्या वर्षी प्रूफ पाहिलं तर ‘शिंदे’मधली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसलेली, ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्हा’ फुटलेला. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, “अरे, माणसं गेली, आता नावं तरी धड छापा.” दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल छापखान्यात द्यायची होती.

चूक माझीच होती. प्रोग्रॅममध्ये मी फक्त फ्रीटाइप ही लायब्ररी वापरली होती. फ्रीटाइप फाँटमधलं चिन्ह उत्तम रेखाटते, पण देवनागरीत कुठलं चिन्ह कुठे बसवायचं हे ती ठरवत नाही. युनिकोडमध्ये ‘शि’ साठवताना आधी ‘श’ येतो, मग वेलांटी; छापताना वेलांटी आधी यावी लागते. हे काम हार्फबझ ही दुसरी लायब्ररी करते. हे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइडवर तुम्ही मराठी वाचता, त्यामागे हीच आहे.

काम मंडळाच्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर होतं. तिथली हार्फबझ जुनी, आणि यंत्रणेतलं काही बदलायचं नाही असं ठरलेलं. म्हणून दोन्ही लायब्रऱ्या सोर्सवरून बिल्ड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि प्रोग्रॅममध्येच सामावून टाकायच्या, असा बेत केला. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. लागली सगळी रात्र.

लिंकर करतो काय?

कंपाइलर प्रत्येक सोर्स फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल करतो. तिच्यात काही जागा रिकाम्या असतात: “मला एचबी-शेप नावाचं फंक्शन हवंय, पण ते कुठे आहे ठाऊक नाही.” या रिकाम्या जागा लायब्ररीतून भरून सगळं एकत्र जोडणारा तो लिंकर. तो कसा जोडेल ते फ्लॅग सांगतात. अडचण अशी की हे फ्लॅग एकटे तुम्ही देत नाही. काही प्रोजेक्टच्या मेकफाइलमध्ये असतात, काही तुमच्या लिनक्सनं ठरवलेले असतात आणि काही तुम्हीच कधीतरी लिहून विसरलेले असता. एकेकटा फ्लॅग बरोबर असतो. एकत्र आले की भांडतात.

पहिलं भांडण: विसरलेला फ्लॅग

हार्फबझच्या बिल्डमध्येच एरर आली. शेवटी सल्लाही होता: “एफ-पिक वापरून पुन्हा कंपाइल करा.” मी तो मुकाट्यानं पाळला आणि एक तास घालवला. खरं कारण वेगळंच होतं. कधीकाळी मी शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एलडीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये डॅश-स्टॅटिक लिहून ठेवलं होतं. हार्फबझ मुळात शेअर्ड लायब्ररी म्हणून तयार होते, म्हणजे तिचा स्वतःचा फ्लॅग डॅश-शेअर्ड. एकाच ओळीत एक म्हणतो ‘सगळं आत कोंबा’, दुसरा म्हणतो ‘वाटून वापरता येईल असं करा’. लिंकरला हे भांडण दिसत नाही. त्याला दिसतो तो भलत्याच जातीच्या ऑब्जेक्ट फाइलमधला घोटाळा, आणि तो त्याच्यावरचा उपाय सुचवतो.

उपाय सोपा: एलडीफ्लॅग्ज रिकामं केलं आणि हार्फबझला तिच्याच पर्यायातून स्टॅटिक लायब्ररी बनवायला सांगितलं. पण एवढ्यानं भागत नाही. मेसन आणि सीमेक ही बिल्डची साधनं एलडीफ्लॅग्ज पहिल्या कॉन्फिगरच्या वेळीच वाचतात आणि लक्षात ठेवतात. नंतर व्हेरिएबल बदललं तरी जुनाच फ्लॅग चालू राहतो. म्हणून बिल्ड फोल्डर पुसून नव्यानं सुरुवात करा.

दुसरं भांडण: जागा चुकलेला फ्लॅग

आता माझा प्रोग्रॅम जोडायला घेतला. उत्तर आलं: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, एचबी-शेप सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती!

सियालदहहून सुटलेली लोकल आठवा. डमडम मागे पडलं की ती त्या फेरीत परत मागे येत नाही. लिंकरही ओळ डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. स्टॅटिक लायब्ररीपाशी आला की त्या क्षणी ज्याची मागणी नोंदलेली आहे तेवढंच उचलतो आणि पुढे जातो. मी लायब्रऱ्यांची नावं एलडीफ्लॅग्जमध्ये टाकली होती, आणि मेकफाइल एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या आधी ठेवते. लिंकर हार्फबझपाशी पोचला तेव्हा कुणी काही मागितलेलंच नव्हतं.

म्हणून नियम: लायब्ररीची नावं एलडीफ्लॅग्जमध्ये घालू नका. मेकमध्ये त्यांच्यासाठी एलडीलिब्ज आहे, ऑटोकॉन्फमध्ये लिब्ज. ते ऑब्जेक्ट फाइलच्या नंतर येतात. शेअर्ड लायब्ररीलाही हे लागू पडतं. ॲज-नीडेड हा फ्लॅग चालू असेल तर आधी मागणी नसलेली शेअर्ड लायब्ररी लिंकर सोडून देतो. उबुंटूनं 2011 च्या 11.10 आवृत्तीपासून तो आपणहून चालू ठेवला आणि वर्षानुवर्षं नीट चाललेल्या कितीतरी मेकफाइल एकाएकी अडल्या.

तिसरं भांडण: एकमेकांवर अवलंबून

जागा सुधारली, एरर बदलली. आता फ्रीटाइपच हार्फबझमधलं काहीतरी मागत होती. हार्फबझला फ्रीटाइप लागते, आणि फ्रीटाइपमधला अक्षरं ठाकठीक करणारा भाग हार्फबझचा आधार घेऊ शकतो. कुणाला आधी ठेवणार?

इथे लोकल पुरत नाही, चक्ररेल लागते. ती बागबाजार, बीबीडी बाग, प्रिन्सेप घाट करत शहराला वळसा घालते. लिंकरमध्ये स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुप अशी जोडी आहे. त्यांच्यामधल्या लायब्रऱ्या तो नवी मागणी निघेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतो. वेळ थोडा जास्त जातो, म्हणून खरोखर चक्र असेल तिथेच वापरा. दुसरा मार्ग म्हणजे फ्रीटाइप बिल्ड करताना हार्फबझचा आधार बंद ठेवणं. मग चक्रच उरत नाही.

लक्षात घ्या, स्टार्ट-ग्रुप हा निरोप लिंकरसाठी आहे आणि आपण बोलतो कंपाइलरशी. म्हणून त्याच्यापुढे डॅश-डब्ल्यूएल-कॉमा लावायचं: “हे पुढे पोचव.” एखादी मेकफाइल थेट लिंकरलाच बोलावत असेल, तर उलट हेच अक्षर त्याला कळत नाही आणि ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन’ येतं. फ्लॅग कुणाला उद्देशून आहे, हे आधी बघा.

चौथं भांडण: बंद न केलेलं बटण

यंत्रणेतली जुनी हार्फबझ मध्ये घुसू नये म्हणून मी बी-स्टॅटिक दिला होता. त्याचा अर्थ ‘पुढच्या लायब्रऱ्या स्टॅटिकच घे’. मी तो बंद करायला विसरलो. कंपाइलर ओळीच्या शेवटी स्वतःच्या लायब्रऱ्या गुपचूप जोडतो, त्यातल्या ‘जीसीसी-एस’ची स्टॅटिक आवृत्ती नसतेच. झालं, ‘कॅनॉट फाइंड’! यादीनंतर बी-डायनॅमिक लिहिलं आणि बिल्ड पार पडला. आधीची स्थिती काय होती ठाऊक नसेल, तर पुश-स्टेट आणि पॉप-स्टेट ही जोडी वापरा. ती होती तशी स्थिती परत आणते.

मग करायचं काय?

अनोळखी एरर आली की माझा हात नवा फ्लॅग जोडायला जातो. तुमचाही जात असेल. तो आवरा. आधी प्रत्यक्ष चाललेली पूर्ण ओळ बघा: बऱ्याच मेकफाइलमध्ये ‘व्ही बरोबर 1’ देऊन, निंजाला डॅश-व्ही देऊन. मग प्रत्येक फ्लॅगला तीन प्रश्न विचारा. तुला इथे आणलं कुणी? तू कंपाइलरसाठी की लिंकरसाठी? तुझी जागा बरोबर आहे का? ज्याचं उत्तर मिळत नाही तो काढा, पण एका वेळी एकच. त्या रात्री मी जोडलेल्या सहा फ्लॅगपैकी चार शेवटी काढूनच टाकले.

शेवटची तपासणी एलडीडी या कमांडनं केली. शेअर्ड लायब्रऱ्यांच्या यादीत हार्फबझ दिसली नाही, म्हणजे ती प्रोग्रॅमच्या आत बसली होती. पहाटे पहिल्या लोकलच्या सुमारास पान उघडलं. ‘शिंदे’ जागेवर, ‘कुऱ्हाडे’ अखंड. काकूंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “आता बरोबर.”

तुमची अडलेली ओळ मात्र पूर्ण पाठवा. नुसती शेवटची एरर पाहून भांडण कुणाचं ते मलाही कळत नाही. भेटू पुढच्या भागात.