वस्तुसंग्रहालयाची वाट

गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात इयत्ता दहावीच्या एका विद्यार्थिनीने घरची लाकडी पायली आणून ठेवली होती. खाली चिठ्ठी होती, ‘जुनी पायली’. मी विचारले, “ही कशाच्या लाकडाची? हिने काय मापीत असत?” ती निरुत्तर झाली, परंतु दुसऱ्या दिवशी आजीला विचारून आली. पायली फणसाच्या लाकडाची होती. मळणीनंतर तिने भात मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असत. चिठ्ठी नव्याने लिहिली गेली आणि आदल्या दिवशी पुढे निघून जाणारे लोक त्या पायलीपाशी थांबू लागले. संध्याकाळी ती मुलगी म्हणाली, “सर, हेच काम जन्मभर करता येईल का? त्यावर पोट भरेल का?”

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न तुमच्यापैकी आणखी कुणाच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

काचेच्या कपाटात जुन्या वस्तू मांडणे म्हणजे संग्रहालय, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक मांडणी हे शेवटचे काम होय. वस्तू आली की प्रथम तिला क्रमांक द्यावयाचा. ती कोठून, कोणाकडून व केव्हा आली हे नोंदवहीत लिहावयाचे. मग तिचे रक्षण. आपल्या गोव्यात चार महिने हवा ओलीचिंब असते. लोखंडाला गंज चढतो, कागदाला कसर लागते, लाकूड वाळवी पोखरते. म्हणून या कामी इतिहासाबरोबर थोडे रसायनशास्त्र, थोडी चित्रकला आणि पुष्कळ चिकाटी लागते.

पहिली अडचण येथेच उभी राहते. ही विद्या शिकण्यासाठी बहुधा गाव सोडावे लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला; मुंबईतही हे शिक्षण मिळते. परंतु त्याआधी इतिहास, पुरातत्त्व, कला किंवा विज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी पक्की असावी लागते.

दुसरी अडचण जागांची. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय १९६४ साली उभे राहिले. राज्याच्या संग्रहालयाचे काम १९७७ साली सुरू झाले. त्याला पणजीत पाटो येथे स्वतंत्र इमारत मिळावयास १९९६ साल उजाडले आणि पुढे तीही सोडावी लागली. जेथे वस्तूंनाच घर मिळण्यास इतका काळ लागतो, तेथे माणसांच्या नेमणुका थोड्याच असणार, हे उघड आहे. एखादी जागा निघते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

मग लोकांनी केले तरी काय? पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असे जे मिळेल ते जमविण्यास प्रारंभ केला. अल्पवयात गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्याकडे बाणावलीस व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी शेतीची व घरगुती अवजारे गोळा करून २००९ साली ‘गोवा चित्र’ उघडले. त्या वास्तूतदेखील मोडलेल्या जुन्या घरांचे सामान वापरले आहे. कुणी नेमणूकपत्र देईल, याची वाट पाहत हे दोघेही बसले नाहीत.

परंतु यावरून ‘घरदार विसरून छंदामागे धावा’ असा अर्थ कुणी काढू नये. त्या मुलीला मी सांगितले ते असे : “पोट भरेल, पण लवकर भरणार नाही. पदवी घे, उपजीविकेचे एखादे दुसरे साधनही हाताशी ठेव. मात्र काम आजच सुरू कर, कारण त्याला नेमणूक लागत नाही.”

आपल्या मुळगावापुरतेच पाहा. केळबायचे देवालय आणि शिरगावच्या लईराईशी असलेले तिचे बहिणीचे नाते, डिचोलीच्या कासारांच्या समया, कुंभारांची भांडी, खाणी येण्यापूर्वीची शेती : या प्रत्येकाविषयी सांगणारी माणसे अजून आहेत. भंगारवाला वजनावर घेतो ते पितळ. त्यामागची हकीकत त्याच्या तराजूत बसत नाही. वस्तू कपाटात पन्नास वर्षे टिकेलही, पण आजीची आठवण तितके दिवस थांबत नाही. नोंद राहिली नाही, तर उद्याच्या अभिरक्षकाच्या हाती केवळ ‘जुनी पायली’ उरेल.

त्या मुलीने एक दोनशे पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर क्रमांक आहे, पण ‘एक’ लिहिलेले नाही. तेथे तिने ‘लाभ’ असे लिहिले आहे. वहीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत.