डॉट कॉम हाउसफुल्ल, 'कर' मंडळींना मात्र जागा!

इंग्रजी अक्षरं २६. त्यांतून दोन अक्षरांची नावं होतात ६७६, तीन अक्षरांची १७,५७६ आणि चार अक्षरांची ४,५६,९७६. डॉट कॉममध्ये दोन-तीन अक्षरांची नावं केव्हाच गेली होती. २०१३ संपता संपता चार अक्षरांचा साठाही आटोपल्याची बातमी आली. ही सगळी नावं देखणी होती असं समजू नका. उच्चार करताना दात हलावेत अशी नावंसुद्धा लोकांनी घेऊन ठेवली आहेत.

तोंडात बसणारी नावं किती, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असा साचा घ्या. 'लोमा', 'टिकू', 'बेगो' ही त्या धर्तीची नावं. २१ गुणिले ५ गुणिले २१ गुणिले ५, म्हणजे फक्त ११,०२५. नोंदलेली डॉट कॉम नावं मात्र १५ कोटींच्या वर! मुंबई लोकलमधली खिडकीची जागा त्या मानाने सहज मिळते.

एके काळी ही नावं फुकट होती. पहिलं डॉट कॉम नाव 'सिम्बॉलिक्स' १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं आणि त्या अख्ख्या वर्षात नाव घेणारे निघाले सहा जण. पैसे मोजायची वेळ आली ती १९९५ मध्ये, दोन वर्षांचे १०० डॉलर. एका अक्षराचं डॉट कॉम हवं असेल, तर एक्स, क्यू आणि झेड एवढीच तीन घेतली गेली आहेत. उरलेली अक्षरं १९९३ मध्ये कुलूपबंद झाली. एक्स कोणाकडे आहे, हे सांगायला नको.

दोन ओंगार, एक नाव

डब्लिनच्या पश्चिमेला, पोस्टाच्या भाषेत 'डब्लिन १५' मध्ये, ओंगार नावाचं उपनगर आहे. या भागात भारतीय कुटुंबं बरीच. समजा, इथल्या एखाद्या मराठी घराला फराळाच्या ऑर्डर घ्यायला संकेतस्थळ काढायचं आहे. गावाचंच नाव घेऊ म्हटलं, तर इंग्लंडच्या एसेक्समधलं ओंगार आधीपासून हजर! तिथवर लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन जायची. तो टप्पा ३० सप्टेंबर १९९४ रोजी बंद झाला. गंमत अशी की लंडनच्या भुयारी रेल्वेवरची अंतरं अजूनही त्याच ओंगारपासून मोजतात. भुयारी गाडी जात नाही, पण शून्य तिथेच!

इंटरनेटच्या हिशेबात मात्र आयर्लंडचं ओंगार वरचढ ठरलं आहे. 'डॉट ईयू' हा शेपटा युरोपीय संघातल्या रहिवाशांसाठी आणि संघाच्या नागरिकांसाठी. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनमधल्या नुसत्या पत्त्यावर तो मिळेनासा झाला. ज्यांच्याकडे होता, अशा हजारोंची नावं आधी बंद पडली आणि पुढे काढून घेतली गेली. एसेक्सच्या ओंगारकराला जे मिळत नाही, ते डब्लिनच्या ओंगारकराला घरच्या पत्त्यावर मिळतं.

आयर्लंडचा स्वतःचा शेपटा 'डॉट आयई'. १९८८ पासून तो युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे होता, नंतर त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. अट एकच, आयर्लंडशी नातं दाखवा. पूर्वी हे नाव तुम्हालाच का द्यायचं, याचंही कारण सांगावं लागे. ती कटकट २०१८ मध्ये गेली. नात्याचा पुरावा अजून लागतो, म्हणून डॉट आयईत गर्दी कमी. एक आणि दोन अक्षरांची नावं तर त्यांनी २०१५ पर्यंत झाकूनच ठेवली होती.

त्याच २०१५ मध्ये आयर्लंडने प्रत्येक घराला स्वतंत्र सात अक्षरी 'एअरकोड' दिला. आपल्याकडे एका पिनकोडात सगळं गाव मावतं, इथे दोन शेजाऱ्यांचे कोडही वेगळे. कोडसाठी अक्षरं निवडली फक्त १५. 'ओ' नाही, कारण तो शून्यासारखा दिसतो. 'आय' नाही, कारण तो एकासारखा. म्हणजे ओंगारमधल्या प्रत्येक घराला जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं आखूड नाव सरकारनेच दिलं आहे. फक्त ते उच्चारता येत नाही.

स्वर गाळा, पैसे वाचवा

'फ्लिकर'च्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आर'आधी 'ई' नाही, कारण 'ई'वाल्या नावाचा मालक ते विकेना. ट्विटरची सुरुवात एकही स्वर नसलेल्या पाच अक्षरांनी झाली. आयर्लंडच्या कॉलिसन बंधूंच्या, ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या कंपनीचं सुरुवातीचं कागदोपत्री नाव 'स्लॅशडेव्हस्लॅशफायनान्स' असं एका दमात होतं. फोनवर सांगताना ग्राहक पळाले असते. मग ते 'स्ट्राइप' झाले आणि गंगेत घोडं न्हालं.

फेसबुकला 'एफबी' हवं होतं. ते होतं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे, कारण 'फार्म ब्युरो'चीही आद्याक्षरं तीच. २०१० मध्ये दोन अक्षरांचे ८५ लाख डॉलर शेतकऱ्यांच्या पदरात पडले. एवढा भाव कोणत्या पिकाला मिळतो? आणि २०१९ मध्ये 'व्हॉइस' हा साधा शब्द ३ कोटी डॉलरला गेला.

एका स्वराची किंमत मुंबईनेही पाहिली आहे. 'रेडिफ' मुंबईची कंपनी. कोणी तरी 'रॅडिफ' नोंदवलं, 'ई'च्या जागी 'ए'. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये न्यायालयाने 'रॅडिफ'वाल्यांना रोखलं. डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्यात कंपनीची पत असते, हे आपल्याकडे इतक्या लवकर मान्य झालं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच वाट धरली.

क्रियापदांची जगप्रवास योजना

कॉममध्ये जागा नसेल, तर देशांचे शेपटे वापरायचे. हा खेळ सगळं जग खेळतं. यूट्यूबने 'बी' बेल्जियमकडून घेतला, बिटलीने 'ली' लिबियाकडून. पण या खेळासाठी मराठी जणू मुद्दाम घडवली आहे, असं माझं ठाम मत आहे.

भारताचा शेपटा 'इन'. आता म्हणा, 'करीन, बघीन, खाईन, जाईन'. 'मी'चा सगळा भविष्यकाळ डॉट इनवर बसतो. (हा शेपटा पूर्वी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी संस्थेकडे होता. १९९२ ते २००४ मध्ये त्यावर जेमतेम ७ हजार नावं नोंदली गेली. २००५ मध्ये दारं उघडली.) वर्तमानकाळाला 'टीओ' हवा, म्हणजे टोंगा, प्रशांत महासागरातला बेटांचा देश: 'जातो, येतो, खातो'. भूतकाळासाठी पुरुषांनी लाओसला जायचं, कारण तिथला शेपटा 'एलए': 'आला, गेला, झोपला'. बायकांना त्याहून सुंदर ठिकाण मिळालं आहे. लिख्टेनश्टाइनचा 'एलआय': 'आली, गेली, जिंकली'. 'आले, गेले' म्हणणाऱ्या आदरणीयांना मात्र जगात आसरा नाही. 'एलई' कोणत्याच देशाचा नाही.

आणि 'अरे'? त्यासाठी 'आरई' लागतो. तो हिंदी महासागरातल्या फ्रेंच रेयुनियाँ बेटाचा. युरोपीय संघात राहणाऱ्यांना तो २०११ च्या अखेरीपासून खुला आहे. म्हणजे ओंगारमधल्या मराठी माणसाला हक्काने 'अरे' म्हणता येईल, नाशिककराला नाही.

बाराखडीचा हिशेब

टंचाई बोलण्याची नाही, लिपीची आहे. रोमन लिपीत दोन अक्षरं शेजारी आली की ती उच्चारता येतीलच असं नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला स्वर बरोबर घेऊनच येतं. ३६ व्यंजनं गुणिले बाराखडी, म्हणजे ४३२ अक्षरं. त्यांतून दोन अक्षरी नावं होतात १,८६,६२४ आणि तीन अक्षरी ८ कोटींच्या वर. ङ, ञ, ण यांनी सुरू होणारी वगळली, तरी बाकीची पहिलीतल्या मुलालाही वाचता येतील.

'डॉट भारत' हा देवनागरी शेपटा २०१४ पासून आहे, मराठी आणि कोकणीसकट आठ भाषांसाठी. मग आपण तिकडे का धावलो नाही? एक कारण कीबोर्ड. दुसरं, कितीतरी फॉर्म आणि ईमेल सेवा असा पत्ता पाहून बिचकतात. तिसरं कारण पडद्यामागचं. इंटरनेटची जुनी यंत्रणा आतून अजून रोमनच आहे, त्यामुळे 'भारत' हा शब्द आत जाताना 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारा अकरा खुणांचा गुंता होऊन जातो. तीन अक्षरांत मावणारा देश तिकडे अकरा खुणा खातो.

आडनाव हेच भांडवल

उझी निसान या अमेरिकेतल्या गृहस्थांनी स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं. जपानी मोटार कंपनीने १९९९ मध्ये खटला भरला. तो वर्षानुवर्षं चालला, पण २०२० मध्ये निधन होईपर्यंत नाव त्यांच्याकडेच राहिलं. कंपनी मोठी होती, पण आडनाव त्यांचं खरं होतं.

आपल्याकडे तर आडनावांचा कारखानाच आहे. महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांच्या वर. कोणत्याही गावापुढे 'कर' लावा, स्वच्छ उच्चाराचं नाव तयार. आखूड नाही, हे मान्य. डोमेनमध्ये एका टप्प्यात ६३ अक्षरं चालतात आणि तिथवर पोचणारा मराठी माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. अडचण एवढीच की व्ही लिहायचा की डब्ल्यू, ए एक की दोन, यावर घरात एकमत व्हायला हवं. 'मायबोली'ने १९९६ मध्येच दोन 'ए' घेऊन हा प्रश्न मिटवला होता.

ओंगार ज्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात येतं, तिथून २००७ पासून निवडून येणारा खासदार २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. त्याचे वडील डॉ. अशोक वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडचे. लिओ वराडकर पद सांभाळत असतानाच डिसेंबर २०१९ मध्ये त्या गावी जाऊनही आले. वराडकर हे आडनाव इंग्रजीत आठ अक्षरांचं. आठ अक्षरांच्या शक्यता २०,८८२ कोटी होतात, आणि त्यांतली ही एक आयर्लंडमधल्या शाळकरी पोरांनाही स्पेलिंगसकट पाठ झाली.