वेगवान स्मृती कशी निवडावी?

संगणक नेमलेल्या वेगापेक्षा जलद चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी तुम्ही चेंबूरहून लॅमिंग्टन रोडला रॅम घ्यायला गेलात, असे समजा. डीडीआर-४ च्या एका पट्टीवर ‘३२००, सीएल १६’ लिहिले आहे, तर दुसरीवर ‘३६००, सीएल १८’. दुसरी अधिक चपळ असेल का? हिशेब करून पाहू.

डीडीआर स्मृतीत घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा जाते. म्हणून ३२०० च्या पट्टीत सेकंदाला ठोके १६० कोटी, आणि एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल म्हणजे मागणीनंतर माहिती येईपर्यंतचे ठोके. १६ × ०.६२५ = १० नॅनोसेकंद. दुसरीचा हिशेब तुम्ही करा. उत्तर तेच येईल! सलग माहिती वाहण्यात मात्र ३६०० सरस. ‘३२००, सीएल १४’ ला ८.७५ नॅनोसेकंद पुरतात. तेव्हा दोन्ही आकडे पाहा, आणि आपला मदरबोर्ड व प्रोसेसर तो वेग पेलतील याची खात्री करा.

वेग बेताबेताने वाढवा. तो फार झाला, तर ० च्या जागी १ वाचला जातो. संगणक चालूच राहतो, पण तुमची फाईल नकळत बिघडते. म्हणून प्रत्येक पायरीला स्मृतीची चाचणी घ्यावी.