लाल मण्याआधी वाळू संपली पाहिजे

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. न्यूमोनियाने लेकरे दगावत आणि डॉक्टर कोसभर लांब. खूण तशी साधी: श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६०, मोठ्याचे ५० भरले की औषध द्यायचे. पण बाळाजवळ हजर असे ती सुईण, आणि अनेकींची मोजणी १२ च्या आसपास थांबे.

'अडाणी बाईच्या हाती औषध नको' म्हणून विषय संपवणे सोपे होते. सर्चने उलट मोजायचे साधनच बदलले. एका मिनिटाची वाळूची घडी, शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. तान्ह्यासाठी सहा मणी, मोठ्यासाठी पाच. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापुढचा आकडा लक्षात ठेवण्याची गरजच उरली नाही. रुग्णसुरक्षेवर आजवर झालेल्या चर्चांपेक्षा मला ही मण्यांची पाटी अधिक शिकवते. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: उपचार पोचलेल्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी.

पुढचे पाऊल अवघड होते. ३९ गावांतल्या, थोडेफार शिकलेल्या बायका नवजात बाळाला घरी जंतुसंसर्गाचे इंजेक्शन देणार! शंका रास्तच होती. उत्तर होते कसून प्रशिक्षण, लक्षणांची ठरावीक यादी, प्रत्येक भेटीची नोंद आणि वरचेवर तपासणी. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हे मांडणारा 'लॅन्सेट'मधला निबंध डिसेंबर १९९९ चा. त्याच सुमारास अमेरिकेत 'टू अर इज ह्यूमन' हा अहवाल आला, आणि माणसाला दोष देण्याऐवजी व्यवस्था सुधारा, असे तिथल्या बड्या इस्पितळांना सांगू लागला. गडचिरोलीत ते मातीच्या घरांतून आधीच घडत होते.

२०११ पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी हे देशभरच्या गावोगावच्या आरोग्यसेविकांचे, म्हणजे 'आशां'चे काम झाले. ४२ दिवसांत सहा भेटी, घरी बाळंतपण झाले तर सात. घरभेटींची कल्पना सरकारने उचलली, तेवढ्याच निष्ठेने वापरणारीला जुळेल असे साधन घडवण्याची ती पद्धतही उचलायला हवी होती. आशाच्या हाती नवा फॉर्म, नवे ॲप किंवा नवे उपकरण देणाऱ्यांना एवढीच विनंती: आधी गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या एखाद्या आशाबरोबर बाळाच्या घरी बसा, ती ते कसे वापरते ते पाहा, आणि अडले तर तिला नव्हे, त्या वस्तूला दुरुस्त करा.