आधी ब्रेक, मग टायर

22 जुलै 2021 ची सकाळ चिपळूणचा माणूस विसरणार नाही. वाशिष्ठीचे पाणी आमच्या मोहल्ल्यात शिरले तेव्हा फजरची नमाज होऊन फार वेळ झाला नव्हता. अम्मींना वरच्या मजल्यावर नेले, पाठोपाठ तांदळाचे डबे, घराची कागदपत्रे, मुलांची दप्तरे नेली. अंगणातल्या गाडीची आठवण झाली तेव्हा तिची चाके दिसत नव्हती. थोड्या वेळाने बोनेटही दिसेनासे झाले. वरच्या खिडकीतून आम्हाला फक्त टपाचा पांढरा तुकडा दिसत होता आणि धाकटा भाऊ एकही शब्द न बोलता त्याकडे पाहत उभा होता.

ही गाडी म्हणजे 2007 चा महिंद्राचा डबल केबिन कॅम्पर. पुढे पाच माणसे, मागे उघडा हौदा, आणि चारही चाकांना ओढ देणारी, म्हणजे फोर बाय फोर. आमच्या मरहूम अब्बांनी ती आंब्यासाठी घेतली होती. कलमांची बाग डोंगराच्या उतारावर, रस्ता जांभ्याचा, आणि मेअखेरीस एक जरी वळीव पडला तरी साध्या टेम्पोची चाके जागच्या जागी फिरायची. अब्बा ही गाडी दाखवताना पाहुण्यांना एक गोष्ट हमखास ऐकवायचे. 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. पाहुणे निघून गेले की अम्मी म्हणायच्या, “गाडीपेक्षा तुमची गोष्टच जास्त लांब धावते.”

अब्बांनंतर गाडी बरीच वर्षे अंगणातच राहिली. आम्ही शाळेतले. सकाळी प्रार्थना, दुपारी उर्दूचे तास, संध्याकाळी वह्या. गाडीकडे पाहायला वेळ नव्हता आणि खरे सांगायचे तर हौसही नव्हती. 2020 मध्ये भाऊ कुवेतहून नोकरी सुटून परत आला. तिथे तो टोयोटा हायलक्स चालवायचा, वाळवंटातल्या साइटवर सामान पोहोचवायचा. इथे आल्यावर त्याने अब्बांच्या गाडीवर कऱ्हाडहून भाजी आणायला सुरुवात केली. घर त्यावर चालू लागले होते. आणि आता तीच गाडी पाण्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरले. सीटवर चार बोटे गाळ, डॅशबोर्डमध्ये गवत. भाऊ किल्ली घेऊन निघाला तेवढ्यात आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणतो, चिखलातून येताना दिसले. त्यांच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये छातीइतके पाणी होते, तरी ते आले आणि लांबूनच ओरडले, “किल्लीला हात लावू नको!”

त्या एका हाकेने इंजिन वाचले. उस्तादांनी आम्हाला नंतर समजावले ते असे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला की वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरानंतर गावात कितीतरी गाड्या पुराने नाही, त्या पहिल्या सेल्फने गेल्या. वाचकांपैकी कुणाची गाडी कधी पाण्यात गेली तर आधी बॅटरीची वायर काढावी आणि मिस्त्री येईपर्यंत थांबावे.

विम्याचे विचाराल तर आमचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. जुन्या गाडीला पूर्ण विमा कशाला, असे आम्हीच म्हटले होते. भंगारवाला सत्तर हजार द्यायला तयार होता. नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावे लागणार. सूद घरात आणायचा नाही हे अब्बांचे ठरलेले, आणि भावाकडे पगाराची स्लिप नसल्याने बँकेनेही दारात उभे केले नसते. उस्ताद म्हणाले, “ही गाडी जुनी आहे हेच तिचं नशीब. हिच्या इंजिनाला कॉम्प्युटर नाही. पंप लोखंडाचा आहे, तो धुता येतो.” अम्मींनी त्या रात्री दोन बांगड्या काढून भावाच्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, “हे कर्जे हसना आहे. बक्षीस समजू नकोस, परत कर.”

काम अडीच महिने चालले. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवले तेव्हा भोकांतून तांबूस पाणी उडाले. तेलाची चाळणी उघडली तर तेल दुधाच्या चहासारखे निघाले; ते काढले, इंजिन डिझेलने धुतले, पुन्हा तेल, थोडा वेळ चालवून पुन्हा काढले, तिसऱ्या वेळी रंग उतरला. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शिअल, सगळीकडे तोच प्रकार. डिझेलची टाकी उतरवून रिकामी केली. सेल्फ आणि डायनामो वायरमनकडे गेले. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी रेती होती. भाचे, पुतणे, आमचा चौदा वर्षांचा मुलगा, सगळे रॉकेलच्या डब्यात भाग धूत बसायचे. शाळा ऑनलाइन होत्या, एकदा आम्ही मोबाइलवर व्याकरण शिकवत असताना मागे हातोड्याचा आवाज ऐकून एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तुमच्याकडे लग्न आहे का?”

फोर बाय फोरची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण आमचा स्वतःचा याबाबत मोठा गैरसमज होता. आम्हाला वाटायचे की दांडा ओढला की गाडीची ताकद दुप्पट होते. तसे नाही. इंजिन तेच, फक्त ओढ दोन चाकांऐवजी चारांना वाटली जाते, म्हणून चिखलात घसरणे कमी होते. दुसरा दांडा लो गिअरचा; त्यात चाके हळू फिरतात पण जोर वाढतो, चढ आणि उतार दोन्हीला उपयोगी. आणि हे सगळे चिखलासाठी, वाळूसाठी, ओल्या मातीसाठी. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळलात तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब वळसा घ्यावा लागतो, दोन्ही शाफ्ट आतून जखडलेले असल्यामुळे ताण सुटायला जागा मिळत नाही, आणि मग कुठेतरी क्रॉस नाहीतर दाता तुटतो. दुसरी चूक उलटी: आमच्या गाडीचा दांडा कित्येक वर्षे कुणी ओढलाच नव्हता. पुढच्या भागातले तेल हलले नाही, सील सुकले, दांडा गंजून बसला. उस्तादांनी तो सोडवला आणि सांगितले, महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर फोर बाय फोर चालवत जा.

एक छोटे काम फार मोलाचे निघाले. डिफरन्शिअलला श्वास घ्यायला एक लहान नळी असते. धावून गरम झालेली गाडी थंड ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते आणि नळीचे तोंड पाण्यात असेल तर पाणी आत ओढले जाते. उस्तादांनी रबरी पाइप जोडून ती तोंडे वर, बोनेटच्या उंचीला नेली. खर्च दोन-तीनशे रुपये. कुणाला दिसतही नाही.

आणि दिसणाऱ्या गोष्टींवरच आमच्या घरात वाद झाला.

भावाच्या डोक्यात कुवेत होते. रुंद, उंच टायर, पुढे लोखंडी गार्ड, मागचे पाटे वाढवून गाडी उंच. उस्तादांनी त्याच वेळी कागदावर ब्रेकचा हिशेब लिहून दिला होता: चारही चाकांचे काम, सिलिंडर, गंजलेले पाइप, मागचे लायनर, नवे ब्रेक ऑइल, मजुरीसह साधारण चौदा हजार. टायर अडतीस हजारांचे. पैसे दोन्हीला पुरणार नव्हते. भाऊ म्हणाला, “भाईजान, ब्रेक लागतायत की. टायर गुळगुळीत झालेत, माल कसा आणू?” टायर बदलायलाच हवे होते हे खरे. पण मूळ मापाचे टायर बरेच स्वस्तात आले असते आणि ब्रेकही झाले असते. हिशेब आमच्यासमोर होता. घरात मोठे आम्ही. आम्ही म्हणालो, “ठीक आहे, ब्रेक पुढच्या महिन्यात.” उस्ताद एवढेच म्हणाले, “मग घाट नको.” कऱ्हाडला जायचे तर कुंभार्ली घाटाशिवाय रस्ता नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही.

डिसेंबरातला रविवार. भाऊ पहाटे कऱ्हाडला गेला, सोबत आमचा मुलगा. हट्ट करून गेला होता. परतताना हौद्यात कोबी, बटाटे, गूळ. घाट उतरताना अर्ध्यावर पेडल मऊ लागू लागले. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेले. भावाने हॅण्डब्रेक ओढला, तो मागच्या त्याच ओल्या ड्रमांवर चालणारा, त्याने फारसे काही केले नाही. मग त्याने चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळले, वेग उतरला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत त्याने डावी चाके मुद्दाम घातली. गाडी दरडीला घासत थांबली. दरीची बाजू उजवीकडे होती.

फोन आला तेव्हा आम्ही जोहरच्या वजूला बसलो होतो. मुलाचा आवाज आला, “अब्बू, आम्ही ठीक आहोत, फक्त कोबी सांडलेत.” आम्ही काय बोललो ते आठवत नाही. अम्मींना तीन दिवस सांगितले नाही.

उस्तादांनी मागचे ड्रम उघडले आणि आम्हाला बोलावून दाखवले. सिलिंडरच्या रबरामागे पुराची बारीक रेती तशीच होती, रबर कापले गेले होते, ब्रेक ऑइल पाझरून लायनरवर पसरले होते. त्यामुळे मागचे ब्रेक निम्मे गेलेले. सगळा भार पुढच्यांवर. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. पुरानंतर तर त्यात पाणी मिसळलेच होते. ओलावा असलेले ऑइल घाटात तापले की लवकर उकळते, नळीत वाफ धरते, आणि वाफ दबते, म्हणून पेडल खाली जाते. पाणी दबत नाही म्हणून इंजिन जाते, वाफ दबते म्हणून ब्रेक जातो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “सर, हा धडा आम्ही सातवीला शिकवतो.” वर नवे टायर उंच, चाक जितके मोठे तितका ते थांबवायला ब्रेकला जोर जास्त लागतो. स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत होता, म्हणजे भाऊ उतारावर त्याला वाटत होते त्यापेक्षा वेगात होता.

उस्ताद आमच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्यांचा जुना कागद खिशातून काढून पुन्हा आमच्या हातात दिला. त्याचा राग आला असता तर बरे झाले असते.

पैसे उभे करायला भावाने तेच टायर विकले आणि कंपनीच्या मापाचे घेतले. सगळे सिलिंडर, सगळे पाइप, मागचे लायनर नवे; ब्रेक ऑइल आता दर दोन वर्षांनी बदलतो, तारीख बोनेटच्या आत खडूने नव्हे, रंगाने लिहिली आहे. लोखंडी गार्डही उतरले. त्याला तर कायद्यानेच मनाई आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने असे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले, कारण धडकेत ते पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि धक्का थेट चेसिसवर नेतात. एकूणच मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसा निकाल दिला आहे. न नोंदवलेला बदल असला की अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. शोरूमच्या बाहेर टांगलेले सामान सर्रास विकले जाते म्हणून ते लावणे कायदेशीर असते असे नाही. आमचीही हीच समजूत होती.

पाटे मात्र उस्तादांनी केले, पण उंची वाढवायला नाही. एक तुटलेला पाटा बदलला आणि बाकीचे उतरवून साफ केले, एवढेच. गाडी आता बसकी दिसते असे पुतणे म्हणतात. भाऊ काही बोलत नाही. हौद्याला आतून जुन्या रबरी पट्ट्याचे अस्तर लावले आहे, पेट्या सरकत नाहीत. हे त्याने स्वतः केले आणि ते कुवेतमध्ये शिकलेले आहे. अंबर दिवा, मागची लाल परावर्तक पट्टी, दोन लाकडी ओटी, जी चढावर चाकामागे लावायची, ही त्याचीच भर. बागेत माती ओली असली की टायरमधली हवा थोडी कमी करायची युक्तीही वाळवंटातली. डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून एक पायपंप सीटखाली असतो.

मार्च 2022 मध्ये गाडी फिटनेसला नेली. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की दरवर्षी जावे लागते. निरीक्षकांनी ब्रेक तपासताना भाऊ रांगेच्या कडेला उभा होता आणि आम्ही रजा टाकून त्याच्या शेजारी. शिक्का पडला.

अम्मींची एक बांगडी त्या वर्षीच्या आंब्यानंतर घरी आली. दुसरी यायची आहे. भावाने रक्कम एका डायरीत लिहून ठेवली आहे, आणि त्याखालच्या ओळीत अडतीस हजारांतून चौदा हजार वजा करून एक आकडा लिहिला आहे. तो कशासाठी, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. रविवारी सकाळी उस्तादांकडे जातो, आणि त्याला पहिले काम मिळाले आहे ते ड्रम उघडून आतली रेती पुसण्याचे.