कानापासून कमरेपर्यंत

अमेरिकेत आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. तिथे १८९५ सालच्या सप्टेंबरात डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने एका सफाई कामगाराच्या पाठीतला वर आलेला मणका दाबला आणि त्या माणसाला ऐकू येऊ लागलं. कायरोप्रॅक्टिकची जन्मकथा ही अशी आहे. कामगाराचं नाव हार्वी लिलार्ड. त्याला कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामर काही डॉक्टर नव्हता. आधी किराणा दुकान आणि मग हात फिरवून 'चुंबकीय उपचार', असा त्याचा प्रवास. कानाची नस मानेतून पाठीत उतरतच नाही, ती कवटीच्या आतल्या आत मेंदूकडे जाते. त्यामुळे पाठ दाबून कान कसा उघडला, याचं उत्तर आजही शरीरशास्त्राकडे नाही. पामरला मात्र त्याची फिकीर नव्हती. ९५ टक्के आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात, असं त्याने १९१०च्या ग्रंथात लिहून टाकलं.

कायरोप्रॅक्टिकने काय काय बरं होतं, या प्रश्नाच्या मुळाशी हे वाक्य आहे. दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींत दिसणाऱ्या याद्या पाहा: कंबरदुखी, मानदुखी, सायटिका, मायग्रेन, चक्कर, दमा, रक्तदाब, बाळाचं रडणं. या यादीचं कूळ थेट पामरशी जुळतं. गंमत अशी, की कानापासून निघालेली ही विद्या सव्वाशे वर्षांनी सर्वांत भक्कम उभी आहे ती कमरेवर. कमरेपासून जसजसं दूर जावं तसतसा पुरावा विरळ होत जातो.

आधी प्रत्यक्षात करतात काय ते पाहू. उपचारक सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथे एक अगदी छोटा पण वेगवान झटका देतो. 'कट्' असा आवाज येतो. इन्स्टाग्रामवरच्या रील्समध्ये तर हा आवाज टिपायला माइक लावलेला असतो आणि खाली प्रतिक्रिया असते, 'बघा, मणका जागेवर बसला!' तसं काही झालेलं नसतं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटं मोडताना एमआरआय काढून ही पोकळी बनताना दाखवली. मणका खरोखरच जागचा निखळला असेल, तर रुग्णाला कायरोप्रॅक्टरकडे नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावं लागतं. मग आराम कशाने पडतो? आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, वेदनेचे संदेश दबतात, हालचालीची भीती कमी होते, असं स्पष्टीकरण आज दिलं जातं. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्याची रीत होती. पायाळूच्या जन्माचा आणि उसणीचा काही संबंध नाही, पण अवघडलेल्या पाठीला अचानक हिसका बसला की काही जणांना मोकळं वाटतं, हा अनुभव डॅव्हनपोर्टइतकाच आपल्या गावांतही जुना आहे.

आता कंबर. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही डॉक्टरांची संस्था. तिने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मसाज, अॅक्युपंक्चर यांच्या पंक्तीला मणक्याच्या झटक्यालाही बसवलं. त्याच वर्षी 'जामा' या नियतकालिकात नव्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा आला. शंभर गुणांच्या मापावर वेदना सरासरी दहा गुणांनी कमी झाली होती. दहा गुण म्हणजे किती? साधारण एखाद्या वेदनाशामक गोळीने पडतो तितका फरक. पुढच्या वर्षी अमेरिकी लष्करातल्या ७५० जणांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधोपचाराला सहा आठवडे कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांची वेदना आणि अडचण दोन्ही, नुसता औषधोपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हा उपचार आहे, अर्थात सशर्त. त्याच मार्गदर्शिकेने कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र नको म्हटलंय. आपल्याकडे ज्या घरात कंबर दुखते त्या घरात पट्टा असतोच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या कौतुकाला दोन टाचण्या लावायला हव्यात. ताजी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते, त्यामुळे चौथ्या सिटिंगनंतर बरं वाटलं तर श्रेय झटक्याचं की दिवसांचं, हे रुग्णाला ठरवता येत नाही. दुसरं असं, की व्यायाम किंवा चांगल्या फिजिओथेरपीशी तुलना केली तर झटका सरस ठरत नाही, बरोबरीला येतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने म्हणूनच अट घातली आहे, की हा उपचार द्यायचा तर व्यायामाच्या जोडीनेच. नुसतं टेबलावर पडून राहायचं आणि कुणीतरी दुरुस्त करून द्यायचं, ही कल्पना लोकांना आवडते. कमरेला ती फारशी मानवत नाही.

सायटिकात, म्हणजे गादी सरकून शीर दबली आणि कळ पायात उतरली असेल तर, पुरावा मोजका आहे. काहींना फायदा झालेला दिसतो. पण सरकलेली गादी झटक्याने आत ढकलली जात नाही. ती बहुतेक वेळा काही महिन्यांत शरीरच आक्रसवतं. मानदुखीत थोडा फायदा. मानेतून उठून डोक्यात चढणाऱ्या डोकेदुखीचं मात्र जरा बरं चित्र आहे. ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या चाचणीत हाताचे उपचार आणि मानेचे व्यायाम या दोहोंनीही अशी डोकेदुखी कमी झाली होती. ते उपचार फिजिओथेरपिस्टांनी केले होते, कायरोप्रॅक्टरनी नव्हे. तेव्हा दारावरच्या पाटीला फार महत्त्व देऊ नये. मायग्रेन हा वेगळा आजार आहे आणि नॉर्वेतल्या एका चाचणीत खऱ्या झटक्याचा परिणाम खोट्या झटक्याइतकाच निघाला.

चक्कर आली की आपल्याकडे पहिला संशय मानेच्या मणक्यावर जातो. एक्स-रे काढला की चाळिशीपुढच्या कुणाच्याही मानेत थोडी झीज दिसतेच आणि मग गळ्यात पट्टा येतो. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरत असेल, तर दोष बहुधा आतल्या कानातल्या सुट्या झालेल्या कणांचा असतो. कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने हळूहळू वळवून ते कण जागी नेतात. तिथे झटका लागत नाही.

दम्याची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. कॅनडात दमा असलेल्या ९१ मुलांचे दोन गट केले. एकाला चार महिने खरे उपचार दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे खोटे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९८ साली निकाल छापून आला: दोन्ही गटांतल्या मुलांची लक्षणं बरीच कमी झाली, पंपाची गरजही घटली. खऱ्या-खोट्यात फरक मात्र नव्हता. खोटा गट नसता, तर 'कायरोप्रॅक्टिकने दमा बरा होतो' असं कुणीही प्रामाणिकपणे छातीठोक सांगितलं असतं. 'माझ्या भाच्याला गुण आला' असं सांगणारे नातेवाईकही खोटं बोलत नसतात. त्यांच्याजवळ दुसरा गट नसतो, इतकंच.

तान्ह्या बाळाच्या पोटदुखीचं रडणं तर तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. या आणि अशा दाव्यांना पुरावा नाही, असं लेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये 'गार्डियन'मध्ये लिहिलं, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दोन वर्षांनी तो मागे घ्यावा लागला आणि या गदारोळातून ब्रिटनचा अब्रुनुकसानीचा कायदाच २०१३ मध्ये बदलला. अर्थात डॉक्टरांची बाजूही स्वच्छ नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरशी संबंध ठेवायला वर्षानुवर्षं मनाई केली होती. हा बेकायदा कट असल्याचा निकाल अमेरिकी न्यायालयाने १९८७ मध्ये दिला.

धोक्यांबद्दल बोलायचं तर कमरेपेक्षा मान नाजूक. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढतात. मानेला जोरात पीळ बसल्यावर धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण फार थोडं आहे. शिवाय धमनी आधीच फाटलेली असते, तिच्यामुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचारकाकडे जातो, असाही युक्तिवाद आहे. तरी सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय सोडलेली बरी. तिथे तर कुणी काही विचारतही नाही.

आपल्या देशात आणखी एका गोष्टीचं भान हवं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय मणक्यालाही होतो. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, उतरणारं वजन अशी लक्षणं असतील, तर आधी तपासणी. पोखरलेल्या मणक्यावर झटका म्हणजे आपत्तीला आमंत्रण. पाळी गेल्यानंतर ठिसूळ झालेली हाडं, कर्करोगाचा इतिहास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पायातली वाढती कमजोरी, हेही उपचारकाला आधीच सांगायला हवं. आणि दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

हे सगळं विचारणारा माणूस समोर आहे का, हे ओळखणं भारतात अवघड जातं, कारण कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वेगळी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या सूचनांनुसार पूर्ण प्रशिक्षण किमान ४,२०० तासांचं हवं. परदेशात तितकं शिकून आलेले लोक इथे आहेत, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलेही आहेत. कुठे, किती वर्षं शिकलात, हे विचारायला संकोच कशाला? तपासणी न करता झटका द्यायला सरसावणाऱ्याकडून उठून यावं, हे माझं मत.

पैशांचा मुद्दा उरतोच. पहिल्याच भेटीत चाळीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारणारे असतात. तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ दिसत नाही. फरक पडलेल्यांनी नंतरही अधूनमधून जात राहावं का, हे स्वीडनमध्ये तपासलं गेलं. पुन्हापुन्हा कंबर दुखणाऱ्या ३२८ जणांपैकी काहींना ठरवून बोलावलं, बाकीचे दुखलं की येत. २०१८ मध्ये आलेल्या निकालात ठरवून येणाऱ्यांचे त्रासाचे दिवस वर्षाकाठी सुमारे तेराने कमी भरले, फेऱ्या सरासरी दोनेक जास्त झाल्या. ज्यांना सुरुवातीच्या उपचाराने गुण आला नव्हता, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं.